बळवंताचं दत्तकपत्र

बोरिवलीच्या झेरॉक्सवाल्याने गठ्ठे अदलाबदल केले नसते, तर गार्गीच्या डोक्याला हा ताप झालाच नसता. घरी येऊन पाहते तर बाबांच्या कुलवृत्तांताऐवजी दुसऱ्याच कुणाची वंशावळ... आणि गाव मात्र तेच, कोकणातलं वडशेत. तणतणत परत गेली, तर दुकानाच्या पायरीवर चष्मा पुसत एक उंच मुलगा उभा. "तुमचे बळवंतराव माझ्याकडे आहेत," तो म्हणाला. डोळे इतके हसरे की तिला धड रागावताही येईना.

बळवंतराव म्हणजे तिचे खापरपणजोबा. भातशेती होती आणि आठ मुलं होती, एवढंच घरात ठाऊक. बाकी सगळं मोडी कागदांत, आणि मोडी वाचणारा हा एकटा मिहिर. मग काय, दर शनिवारी उडप्याकडे कागद, कॉफी आणि तो. कागदावर वाकलेल्या गार्गीच्या कपाळावरची बट तो अलगद बाजूला करायचा. म्हणायचा, "अक्षरावर सावली पडते ना..." बस्स. चार महिन्यांत पुढे एक शब्द नाही. तिचा जीव अगदी मेटाकुटीला आला होता.

आज स्वारी आली ती सुतकी चेहऱ्याने.

"वाट लागली, गार्गी. आमच्या पेटीत दत्तकपत्र सापडलं. बळवंत मूळचा आमच्या घरातला. आठव्या वर्षी तुमच्याकडे दत्तक दिलेला."

"बरं, मग?"

"मग काय... आपण भाऊबंद निघालो. तुझे बाबा हे छापणार, आणि मग मला जे विचारायचं होतं ते..."

तो पुन्हा चष्मा पुसू लागला. गार्गीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चार महिने ती वाट बघतेय, आणि या शहाण्याला विचारायचं सुचलं ते आता. राग इतका आला की रडूच फुटेलसं वाटलं. कारण हवा होता तिला तो, त्याच्या चष्म्यासकट.

"पत्र पूर्ण वाचलंस?"

"शेवट नाही. वाचवेना."

"वाच. मोठ्याने."

तो अडखळत वाचू लागला. "आजपासून मुलगा तुमचा. आमचा त्याजवर काही एक हक्क राहिला नाही..."

"ऐकलंस? पाच पिढ्या झाल्या रे त्याला. एकदा देऊन टाकलेल्या पोरावरून आता नातं सांगतोस?"

"पण तुझे बाबा?"

"त्यांच्याशी मी भांडेन. रोज भांडते. तू तुझं बोल, यार."

मिहिरने दत्तकपत्राची घडी घातली, पुन्हा उलगडली. कॉफीवर साय धरली. मग तिच्याकडे न बघताच तो म्हणाला, "दीडशे वर्षांपूर्वी आम्ही तुम्हाला एक माणूस दिला. आता तुम्ही एक... द्याल?"

गार्गीने त्याचा चष्मा काढून घेतला आणि त्याला आपल्याकडे बघायला लावलं.

"घे. पण आमच्याकडे हक्क सोडायची पद्धत नाही."