काळ्यावरच्या पांढऱ्या रेषा

डोळ्यांच्या दवाखान्यात मी पडद्याचे फोटो काढते. पडदा म्हणजे डोळ्याच्या आतला. पेशंट हमखास खिडकीकडे बघतात, म्हणून आधीच सांगून टाकलं. फोटो निघाला की कॉम्प्युटर त्यातल्या रक्तवाहिन्या हुडकतो आणि काळ्यावर पांढऱ्या रेषांनी काढून दाखवतो. कुठे नवी फुटली, कुठे जाड झाली, सगळं आपोआप. रोज पहिला फोटो मी माझ्याच डोळ्याचा काढते, कॅमेरा तपासायला. आमच्या मॅडम त्याला बोहनी म्हणतात.

त्या दिवशी माझी ताई डोळा तपासायला येणार होती. तिचा एक डोळा साखरेनं आधीच नेलाय. उरलेल्या डोळ्यावर तिचं शिवणकाम चालतं, आणि शिवणकामावर ती.

सकाळी एका पोस्टमनच्या चित्रात उजव्या कडेला एक रेष दिसली. मूळ फोटोत तिथे काहीच नव्हतं. पुढच्या आजोबांच्या चित्रात डाव्या कडेला, तेवढ्याच उंचीवर, रेष आत येऊन उजवीकडून बाहेर गेलेली. मला नसत्या चौकशांची खोड. दोन्ही चित्रं शेजारी लावली तर रेषेला रेष जुळली. त्यांच्यानंतरच्या बाईंच्या चित्रातही ती तशीच पुढे गेली होती. वा! मला मजाच वाटली.

एक मात्र होतं. प्रत्येकानं उठताना तेच विचारलं,

"मघाशी कोपऱ्यात कोण उभं होतं हो?"

"फ्लॅशमुळे होतं तसं," मी सांगत गेले. बाईंना सांगताना मात्र मी वळून कोपरा बघून घेतला.

मॅडमना चित्रं दाखवली. "प्रोग्राम वेडाय. पुढचा पेशंट घे," त्या म्हणाल्या.

पुढची ताई होती. तिनं हनुवटी टेकवली, तेव्हा लक्षात आलं, रेष आता तिच्या उरलेल्या डोळ्यात शिरणार.

"ऊठ गं जरा. कॅमेरा तपासते."

"दिवसातून दोनदा बोहनी?" ताई हसली.

तिच्या जागी मी बसले, बटण दाबलं. फ्लॅश उडाला. मला कोपऱ्यात कोणीच दिसलं नाही. चित्र आलं. रेष डावीकडून आत शिरली होती, मधोमध आली होती आणि तिथेच थांबली होती. बाहेर गेलीच नव्हती.

मग ताईचा फोटो काढला. अगदी स्वच्छ! नवी वाहिनीसुद्धा नाही. मी तिला मिठीच मारली. ती उठली, पर्स उचलली, कोणाबद्दल काही विचारलं नाही. माझा जीव भांड्यात पडला.

संध्याकाळी घरी ती खुर्चीत बसून सुईत दोरा ओवत होती. मी समोर चहा घेऊन टेकले. दोरा एका झटक्यात गेला, तशी ती खुशीत माझ्याकडे बघायला लागली. बघतच राहिली.

"काय गं?"

"तुझ्या बुबुळात मी दिसतेय..." ताई हळूच म्हणाली. "पण मी तर बसलेय ना... मग ही उभी का?"