आपल्याच पक्ष्यावर गोळी

सेवकराम माणूस धड नाही. रणगाड्याच्या खेळात आम्ही दोघं एका बाजूचे. विटांच्या आडोशाला आपला पक्षी बसलेला, त्याला वाचवायचं... आणि हा बाबा जिंकायच्या वेळेलाच आपल्याच पक्ष्यावर गोळी झाडतो! खेळ खलास. पुन्हा पहिल्यापासून.

आमच्या तिरोड्यातला हा टीव्ही मेकॅनिक. बायको जाऊन दहा वर्षं झाली. माझ्या खोलीतला जुना डबा टीव्ही दुरुस्त करायला आला, तेव्हा पलंगाखाली माझ्या लेकाचा, प्रफुलचा, लहानपणचा व्हिडिओ गेम त्याला दिसला. कॅसेट काढली, फुंकर मारली, लावली. पडदा उजळला. दुसरा रिमोट त्यानं माझ्या हातात दिला.

"मी चौथी नापास आहो," मी म्हणाले.

"यात वाचायचं काई नाही, सुलोचनाबाई. फक्त माझ्या बाजूनं राहायचं."

नवरा गेल्यापासून असं कोणी बोललं नव्हतं. बटण दाखवताना त्याचा अंगठा माझ्या अंगठ्याला लागला... मी हात मागे घेतला नाही.

मग रोज दुपारी तो मागच्या दारानं येऊ लागला. आज वायर सैल, उद्या कॅसेट अडली.

काल प्रफुल आडवा आला. "माय, लोक हासून राहिले. हा डबा भंगारात देतो. त्या मेकॅनिकलेही सांगतो, येऊ नको म्हणून."

"चिखलात धानाची रोवणी करून तुले पोसलं, तवा कोणी पाहाले आलं नाही. आता मी खेळून राहिली, त हासाले आले? हासू दे!"

आज सेवकराम आला, पण बसेना. "प्रफुल बोलला मले. एवढा एक डाव जिंकलो, की जातो... कायमचा."

खेळलो. शत्रूचा एकच रणगाडा उरला. सेवकरामची तोफ हळूच वळली — पक्षी खलास!

"काऊन मारता जी?" मी रिमोट आपटला.

तो पडद्याकडेच बघत राहिला. "जिंकलो असतो, त जावं लागलं असतं."

प्रफुल दारात उभा होता. त्याला ऐकू जाईल अशा आवाजात मी म्हणाले,

"सेवकराम, तू खेळाले कच्चा अन् मनानं भित्रा. उद्यापासून समोरच्या दारानं येजो. पक्षी मारू नको. अन् कोणी विचारलं कायले आला, त वायरीचं नाव काढू नको. सुलोचनासाठी आलो म्हणजो. मोठ्यानं!"