उजवीकडचा तिसरा

या, असे जवळ सरका. मागे बसलेल्यांनीही पुढे या, जागा आहे. आज एक गोष्ट सांगायची आहे आणि ती ओरडून सांगण्यासारखी नाही. हसू आलं तर खुशाल हसा, देवाने तोंड त्यासाठीही दिलंय. फक्त शेवट होईपर्यंत कुणी उठू नका.

एक होते काका. इमारतींचे नकाशे काढणं हा त्यांचा चाळीस वर्षांचा धंदा, आधी कागदावर, मग कंप्युटरवर. हात सोन्याचा, पण डोळे दगा देऊ लागले होते. मागच्या खेपेस छोट्या पडद्यावर त्यांना एक खांबच दिसला नाही आणि तो नकाशातून गळाला. काम देणाऱ्या इंजिनीअरबाई अगदी शांतपणे म्हणाल्या, "काका, दवाखान्याचा नकाशा शुक्रवारी दुपारी बारापर्यंत द्या. या वेळी चूक निघाली, तर मला दुसरं कुणी बघावं लागेल." त्या ओरडल्या असत्या तर काकांना बरं वाटलं असतं.

लेकीने दोन मॉनिटर पाठवले. दाराएवढे, आणि इतकं बारीक दाखवणारे की मुंगीच्या मिशा मोजून घ्याव्यात. पण कंप्युटर पडला म्हातारा. एक मॉनिटर पेटला की दुसरा डोळे मिटायचा.

"म्हाताऱ्याच्या खांद्यावर दोन पोती दिलीत तुम्ही," काकू म्हणाल्या.

"कंप्युटरबद्दल बोलतेस ना?"

"तुम्ही समजाल तसं."

काका जुन्या सामानाच्या दुकानात गेले. दोन पडदे एकदम चालवायला कंप्युटरात वेगळं ग्राफिक्स कार्ड बसवावं लागतं, आणि नवं कार्ड वीज फार खातं, त्या म्हाताऱ्याला ते पचलं नसतं. दुकानदाराने काचेवर तीन जुनी कार्डं मांडली. पहिलं तीन पंख्यांचं, विटेसारखं जड. काकांचा जीव तिथेच अडकला.

"काका, पंखे मोजू नका, तोंडं मोजा," दुकानदार म्हणाला. "हे घेतलंत तर वारा छान येईल, पण कॅबिनेटचं झाकण लागणार नाही. हे दुसरं दोन्ही मॉनिटर चालवेल, पण माउस आत्ता हलवाल आणि बाण मागून येईल, रुसलेल्या जावयासारखा."

"आणि हे गरीब?"

"एकच पंखा आहे, पण दोन्ही मोठे पडदे लोण्यासारखे ओढतं. तारा लावायला तोंडं तीन आहेत, तुम्हाला दोन लागतात. एक वरकड."

"मग आधीच्या माणसाने विकलं कशाला? बिघाड आहे?"

दुकानदाराने कार्ड फुंकून साफ केलं. "मीही तेच विचारलं. म्हणाला, बिघाड नाही, फारच चांगलं चालतं. म्हणून नको."

काका हसले. जगात लोक कशालाही कंटाळतात.

घरी दोन्ही मॉनिटर एका दमात उजळले. काकूसुद्धा दोन मिनिटं टोमणा विसरल्या. मग काकांनी सेटिंग उघडलं. मॉनिटरचे चौकोन तिथे दाखवतात. १. शेजारी २. आणि २च्या उजवीकडे ३.

काकांनी टेबलामागे वाकून तारा मोजल्या. दोन. चष्मा पुसून मोजल्या. दोनच.

दुकानदार फोनवर म्हणाला, "जुन्या कार्डांना असा भास होतो हो. लक्ष देऊ नका."

दिलंही नसतं. पण काकांची एक जुनी खोड होती. ज्या भागाबद्दल शंका असेल तो उजव्या कडेला सारायचा, 'मग बघू' म्हणून. बुधवारी सकाळी त्यांनी एक अडचणीची खोली अशीच सारली. ती दुसऱ्या मॉनिटरच्या कडेवरून सरकली आणि गेली. बाणही मागोमाग गेला.

चहा पिऊन आले, तर खोली परत आलेली. बाजूला सुबक अक्षरात टीप: *दार आत उघडतंय. खाट अडेल.*

काकांनी पाहिलं. खरंच अडत होती.

"अगं, तू माझ्या कामात हात घातलास?"

"मला कपाटाचं दार कुठे उघडतं ते या घरात चाळीस वर्षांत कळलं नाही. दवाखान्याचं काय सांगू?"

काकांनी दुसरा भाग सारला. तोही आला. *मोरी खिडकीखाली घ्या.* तिसरा आला. गुरुवारपर्यंत काकांनी निम्मा दवाखाना उजवीकडे सारला होता आणि शीळ घालत होते.

"देव कुठून मदत पाठवेल, नेम नाही," ते म्हणाले.

"देव असता तर आधी तुमचा चष्मा शोधून दिला असता." पण त्या दिवसापासून काकू काकांच्या उजव्या बाजूने जाईनात. टेबलाला वळसा घालून डावीकडून चहा द्यायच्या. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

शुक्रवारी नऊ वाजता काकांनी अख्खा नकाशा उजवीकडे सारला. शेवटची नजर पडावी म्हणून.

दहा वाजले. आला नाही.

साडेदहा. बाणही नाही. मूळ प्रत उघडायला गेले, तर ती आधीच उघडी आहे, कुणीतरी वापरतंय, असं उत्तर.

अकरा. इंजिनीअरबाईंचा तो शांत आवाज काकांच्या कानात घुमू लागला. त्यांनी कीबोर्डवरून सेटिंग उघडलं. तिसऱ्या चौकोनाखाली 'जोडणी तोडा' असं होतं. तोडलं की सगळं दुसऱ्या मॉनिटरवर परत येतं, हे त्यांना ठाऊक होतं.

"तोडा," काकू दारातून म्हणाल्या.

काकांचं बोट खाली आलं. तेवढ्यात पडद्याच्या उजव्या कडेला एक ओळ उमटली.

*थांबा ना. जिना राहिलाय.*

त्या 'ना'ने काका अडले. कामात बुडालेला माणूस असंच म्हणतो. तेही चाळीस वर्षं असंच म्हणत आले होते. त्यांनी बोट मागे घेतलं.

"अहो, काम जाईल!"

"जाऊ दे. अर्धवट कामावरून कुणाला उठवू नये."

बाराला दहा कमी असताना नकाशा आला. जिन्याचं वळण वीतभर रुंद झालं होतं. *स्ट्रेचर फिरत नव्हतं.* काकांनी तसाच पाठवला.

बारा वाजता इंजिनीअरबाईंचा फोन. "काका, त्या जिन्यासाठीच फोन केला. स्ट्रेचर अडकलं असतं, माझ्याही नजरेतून सुटलं होतं. पुढची तिन्ही कामं तुमचीच."

काकूंनी डोळ्याला पदर लावला. काकांना आभार मानायचे होते. पण कुणाचे? कुठला मॉनिटर कितवा, हे दाखवणारं एक बटण असतं. त्यांनी ते दाबलं.

डावीकडे मोठा १ उमटला.

समोर २.

"अहो," काकू हळूच म्हणाल्या. "खिडकी."

टेबलाच्या उजवीकडची काच. पलीकडे ना गच्ची, ना कठडा, पाच मजल्यांची पोकळी आणि भर दुपारचं ऊन. काचेवर फिकट पांढरा ३ होता.

उलटा.

पलीकडून वाचणाऱ्याला सरळ.

काका अजून काम करतात. त्या खिडकीचा पडदा ओढायला काकू गेल्या, हात अर्ध्यावर थांबला आणि म्हणाल्या, "असू दे. उजेड लागत असेल."

तर मंडळी, एवढंच मागणं. एखादं अवघड काम आपसूक नीट पार पडलं आणि आभार कुणाचे मानावेत ते कळलं नाही, तर उजवीकडे बघू नका. फक्त मनातल्या मनात त्याची आठवण काढा. तो अजून बसलेला आहे.