शांत खोली

शिवांगी हातात मोजमापाची टेप घेऊन जिना उतरत होती, तर मधल्या पायरीवर एक माणूस बसलेला. मांडीवर लॅपटॉप, कानाला हेडफोन, गळ्यात जाड मफलर.

"माताजी, आप रोइए मत," तो कुणाला तरी समजावत होता. "आपकी अटैची पटना पहुँच गई है. कल घर आ जाएगी."

त्याने हेडफोन काढला आणि नेमकी तेव्हाच शिवांगी फोनवर आईला म्हणाली, "थांब गं, जिन्यात एकाने संसार मांडलाय."

"संसार नाही हो," तो वर बघत म्हणाला. "नुसतं ऑफिस."

शिवांगीचे कान तापले. "तुम्ही... मराठी?"

"नागपूरचे. बाबा बँकेत होते, बदली होऊन आले ते इथलेच झाले. मी निरंजन. आणि तुम्ही काय, पायऱ्या मोजून राहिल्या?"

हसताना त्याच्या डोळ्यांच्या कडा आधी हसायच्या. शिवांगीने ते पाहिलं आणि टेपकडे बघत बसली.

शहराच्या विमानतळाजवळच्या सरोजिनी नगरमधलं हे एका विमान कंपनीचं तक्रार-केंद्र होतं. चाळीस माणसं एका मोठ्या हॉलमध्ये बसून फोन घ्यायची. त्या जागेचं नवं डिझाइन करायचं काम शिवांगीकडे आलं होतं. तिचे वडील हवाई दलातून निवृत्त झाल्यावर घर इथल्याच महानगर नावाच्या वस्तीत स्थिरावलं आणि तीही इथेच काम करू लागली. कागदावर रेघ ओढण्याआधी ती माणसांत तीन आठवडे घालवायची. कुणाची पाठ दुखते, कुणाच्या डोळ्यांवर ऊन येतं, कुणाला एसीखाली हुडहुडी भरते, सगळं विचारायची.

जानेवारी होता. अमौसी विमानतळावर रोज धुकं, रोज विमानांना उशीर, आणि हॉलमध्ये नुसता गोंगाट.

निरंजन मात्र सारखा जिन्यात दिसायचा. शिवांगीलाही जिन्याची मापं पुन्हा पुन्हा घ्यावीशी वाटू लागली.

"चौथ्यांदा मोजताय," तो एकदा म्हणाला. "जिना वाढला की काय?"

"थंडीत पायऱ्या आकसतात म्हणे."

"अच्छा? मग रोज बघायला लागेल."

ती हसली. मग हळू आवाजात तिने विचारलं, "खरं सांगा, तुम्ही इथे का बसता?"

तो मफलरचं टोक बोटांभोवती गुंडाळत राहिला. "डाव्या कानाने मला ऐकू येत नाही. शाळेत असताना ताप आला होता, तेव्हापासून. उजवा चांगला आहे... पण हॉलमधल्या कल्ल्यात त्यालाही नीट ऐकू येत नाही." मग घाईने म्हणाला, "प्लीज, कुणाला सांगू नका. फोन घेणारा, आणि त्याचाच कान असा! कोण ठेवेल?"

"नाही सांगणार," शिवांगी म्हणाली.

त्या आठवड्यात तिने आराखड्यात एक शांत खोली काढली. जाड पडदे, आवाज शोषणारं छत, सहा टेबलं.

फेब्रुवारीत सगळ्यांसमोर आराखडा मांडला. ऑफिसच्या प्रमुख सलोनी मॅडमनी त्या खोलीवर पेन टेकवलं. "ये कमरा हटाइए. यहाँ मेरा केबिन आएगा. किसने माँगा है इसे?"

निरंजन तिसऱ्या रांगेत होता. शिवांगीने त्याच्याकडे बघितलंच नाही. "मैडम, नाम मैं नहीं बता सकती. पर इस शोर में लोग थक रहे हैं..."

"बिना नाम के कैसे मान लूँ?"

खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

"मैंने," निरंजन उभा होता. त्याने सगळं सांगितलं. कान, जिना, तीन वर्षांची भीती. मग कोपऱ्यातला राघव म्हणाला, "मैडम, शाम तक सर मेरा भी फटता है." आणखी दोन हात वर झाले. मग पाच.

सलोनी मॅडम निरंजनकडे वळल्या. "तीन साल सीढ़ियों पर?" त्या हळूच म्हणाल्या. "पहले बताते तो..." वाक्य त्यांनी अर्धंच सोडलं आणि पेनाला टोपण लावलं. खोली राहिली. निरंजनची नोकरीही राहिली.

मार्च संपताना काम पुरं झालं. शेवटच्या दिवशी शिवांगी सामान आवरत होती, तेव्हा तो शांत खोलीच्या दारात येऊन उभा राहिला.

"एक विचारू? राग येईल कदाचित."

"विचारा."

"ही खोली... माझी दया आली म्हणून केली?"

शिवांगीने हातातली फाइल खाली ठेवली. आत इतकं शांत होतं की तिला स्वतःचा श्वास ऐकू येत होता.

"खोली सगळ्यांसाठी आहे. तुम्ही भेटला नसता तरी केली असती," ती म्हणाली. "पण ही खिडकी नकाशात नव्हती. बाहेर कडुनिंबाला नवी पालवी फुटलीय, ती तुमच्या टेबलावरून दिसावी म्हणून... भिंत फोडायला लावली मी. कंत्राटदार किती भांडला! या खिडकीला काहीच कारण नाही. म्हणजे, आहे... पण ते कामाचं नाही."

निरंजन खिडकीकडे बघत राहिला. मग तिच्याकडे. डोळ्यांच्या कडा आधी हसल्या.

"शिवांगी," तो म्हणाला, पहिल्यांदाच नुसतं नाव घेऊन, "उद्यापासून तू येणार नाहीस, म्हणून कालपासून मला जेवण जात नाहीये."

"मग चल," ती म्हणाली, "आधी जेवून घेऊ."