प्रसेनजीतची फांदी

पटलं नाही तर सोडून द्या. पण कळंब्याला आमच्या गल्लीत येऊन कुणालाही विचारा, दोन हजार आठच्या बुद्धपौर्णिमेला विहाराच्या अंगणात झाड उभं होतं की नाही. होतं म्हणतील. त्यापुढचं कुणी बोलणार नाही.

ते झाड माझ्या मामेभावानं, संघर्षनं बांधलं होतं.

चांगला वीस फुटी बोधिवृक्ष, लोखंडी पाइपांचा. हुपरीच्या मित्रानं पैंजणांचं काम बाजूला ठेवून पत्र्याची पानं कातरून दिली. पानापानामागं एलईडी. खाली गोलाकार लाकडी फळ्या आणि प्रत्येक फळीखाली बटण. फळीवर माणूस उभा राहिला की 'टक्' वाजायचं आणि समोरची फांदी उजळायची. उतरला की विझायची.

गल्लीतल्या घराघरानं आपल्या गेलेल्या माणसाच्या नावानं एकेक फांदी दिली. फक्त एकच फांदी जित्या माणसाची होती.

संघर्षची आई, माझी मामी आक्काताई, तिनं ती दिली होती. थोरल्या प्रसेनजीतच्या नावानं. तो कामासाठी म्हणून गुजरातेत गेला आणि तीन वर्षं त्याचा ना फोन, ना पत्ता. सगळ्यांनी आशा सोडली होती. मामीनं नाही.

आमच्यात गेलेल्या माणसाच्या नावाआधी 'कालकथित' लिहितात. अंबादास पेंटर सगळ्या फळ्यांवर ओळीनं तेच लिहीत गेला. प्रसेनजीतच्या फळीवरही.

मामीनं आकाशपाताळ एक केलं.

"माझा ल्योक मेलाय व्हय रं? खरवड आधी ते!"

संघर्षनं ब्लेडनं ते अक्षर न् अक्षर खरवडून काढलं.

दुसऱ्या दिवशी अंधार पडताना तो झाडाखाली एकटाच वायरी तपासत होता. फाटक बंद होतं.

टक्...

त्यानं वर पाहिलं. तानाबाईच्या नवऱ्याची फांदी उजळली होती. फळीवर कुणी नव्हतं.

ओल धरली असेल, असं तो मनाशी म्हणाला.

टक्... टक्...

एकेक करत जवळजवळ सगळं झाड पेटलं. सगळ्या फळ्या रिकाम्या.

आणि मागून कुणीतरी हसलं.

मामी होती. डबा घेऊन आली होती. ती अजिबात घाबरली नव्हती.

"बघ की. सगळ्या लागल्या. आमच्या प्रसेनजीतची न्हाय लागली." तिचे डोळे भरून आले होते. "जिता हाय माझा ल्योक."

संघर्षनं बटणं बदलली, वायरी नव्यानं ओढल्या. तरी रोज दिवेलागणीला तेच. मामी रोज येऊन बघायची. तेवढी एक फांदी अंधारात दिसली की घरी जाऊन पोटभर जेवायची. आई सुखात आहे म्हटल्यावर संघर्षही कुणाला काही बोलला नाही.

पौर्णिमा आली. वंदना झाली. अंगण पांढऱ्या कपड्यांनी भरून गेलं, पोरं फळ्यांवर उड्या मारत होती. मामी खिरीचं पातेलं घेऊन बसली होती.

संघर्षनं पोरांना जेवायला पिटाळलं. सगळ्या फांद्या विझल्या.

मग...

टक्.

एकच फांदी. प्रसेनजीतची.

मामीची झाडाकडं पाठ होती. ती कधीही वळली असती. संघर्ष पळत गेला आणि त्या रिकाम्या फळीवर स्वतःच उभा राहिला. निदान आईला वाटावं, संघर्षच्याच पायानं लागलीय.

तेवढ्यात फाटकातून हाक आली.

"संघ्या...!"

प्रसेनजीत. खांद्याला बॅग. वाळलेला, पण तोच.

अंगणात एकच गलका झाला. मामीनं पातेलं तसंच टाकलं आणि जाऊन त्याच्या गळ्यात पडली. रडली, त्याला दोन धपाटे घातले, परत रडली.

"आरं, हे माझं नाव व्हय?" म्हणत तो झाडापाशी आला. संघर्ष बाजूला झाला. फांदी तशीच चालू. प्रसेनजीत फळीवर उभा राहिला.

टक् वाजलं नाही.

तो हसत उतरून खीर खायला गेला. फांदी चालूच. संघर्षनं खोडामागं जाऊन तिची वायर ओढून काढली.

तरी चालूच...

मामी शेजारी येऊन उभी होती. तिनं सगळं पाहिलं होतं. त्याच्या हातातली वायर तिनं हळूच काढून घेतली.

"आई, दादा..."

"आला न्हवं घरी?"

"आई, पण..."

"आला न्हवं? मग गप बस. त्याला खीर वाढ जा."

झाड उतरवलं. ती फांदी पोत्यात गुंडाळून माळ्यावर ठेवलीय. पोत्याच्या विणीतून अजून उजेड येतो, असं संघर्ष सांगतो. मी वर चढून बघितलेलं नाही.

मामी पुढं वारली. जाताना संघर्षला एवढंच म्हणाली, "त्याला कळू देऊ नगं."

प्रसेनजीतदादा त्याच घरात आहे. मनमिळाऊ माणूस. गेलो की जेवल्याशिवाय सोडत नाही.

त्यांच्या उंबऱ्याजवळ एक शहाबादी फरशी सैल आहे. कुणाचाही पाय पडला की ती वाजते. दादा परवाही माझ्यासमोर वैतागून म्हणाला, "संघ्या, बसवून घे की रं ती फरशी. सगळ्यांच्या पायानं वाजती."

असं म्हणत तो तिच्यावरूनच आत आला. फरशी वाजली नाही.

मी आणि संघर्षनं एकमेकांकडं पाहिलं नाही. आम्ही जेवत राहिलो.