पानावर वाढलेलं उदोन

स्टीलचा मोठा डबा मांडीवर घेऊन मी रिक्षात बसले तेव्हा सकाळचे अकरा वाजले असतील. रिक्षावाल्याला सांगितलं, घोडबंदर रोडला ते काचेचं जपानी हॉटेल आहे ना, तिथं सोड. त्यानं आरशातून माझं कासोट्याचं लुगडं बघितलं आणि हसला.

“आजी, जपानी? काय खाणार तिथं?”

“मला नाय खायचं. ज्याला खायचंय तो खाडीवर थांबलाय. तू चालव.”

त्याला वाटलं म्हातारी गंमत करते. पण त्या दिवशी माझ्या नातवाचा दहावा होता. सकाळी सातपासून खाडीवर पान वाढून ठेवलेलं आणि कावळा शिवत नव्हता.

नातू म्हणजे दर्शन. सव्वीस वर्षांचा. आईबाप लवकर गेले, त्याला आणि त्याच्या धाकट्या बहिणीला, दक्षताला, मीच मासळीच्या पाटीवर वाढवलं. मासळी विकणारीचा नातू, म्हणून हा जपानी हॉटेलात आचारी झाला तेव्हा कोळीवाड्यात सगळ्यांना हसू आलं. पहिल्यांदा घरी आणलंन ते काय, तर भाताच्या मुटक्यावर कच्च्या माशाची चकती. मी म्हटलं, “मेल्या, कच्चा मासा आम्ही विकतो, खात नाय.” तर म्हणतो, “आजी, तू वास घेऊन सांग, ताजा आहे का नाय. तू हो म्हटलंस तरच मी गिऱ्हाइकाला देणार.” तेव्हापासून सुट्टीच्या दिवशी घरात तेच. त्याला सगळ्यात आवडायचं उदोन. जाड्या जाड्या शेवया, बोटाएवढ्या, गरम सुपात बुडवलेल्या. त्याचं पीठ हातानं मळत नाहीत. प्लास्टिकच्या पिशवीत घालून वरून पायानं तुडवतात. पहिल्यांदा त्याला तसं करताना बघून मी लाटणं घेऊन धावले होते. अन्नावर पाय! तो तुडवत तुडवतच सांगायला लागला, “आजी, पायाच्या वजनानं पिठाला जीव येतो. दक्षे, तू पण ये, बारीक आहेस, तुझ्यानं काय होतंय बघू.” मग दोघं भावंडं पिशवीवर उभी राहून एकमेकांचे खांदे धरून नाचत बसायची.

पावसात पुलावर बाईक घसरली. एवढंच. जास्त सांगवत नाही.

तर दहाव्याला माझ्या दिरानं, भिवाजीनं, सगळं यथासांग केलं. पानावर भात, वडे, तळलेले बोंबील, कोलंबी, त्याची सिगारेटसुद्धा ठेवली. समोर खांबावर एक कावळा सकाळपासून बसलेला. बघायचा, मान वाकडी करायचा, पण खाली येत नव्हता. भिवाजीनं हात जोडून सगळं कबूल केलं. दक्षताचं लग्न करू, म्हातारीला सांभाळू, तुझ्या मित्रांना अंतर देणार नाही. कावळा ढिम्म. शेवटी दक्षताच रडत म्हणाली, “आजी, त्याला उदोन पायजे असणार. दुसरं काय नाय.”

म्हणून मी निघाले.

हॉटेल अजून उघडायचं होतं. आत खुर्च्या टेबलांवर उलट्या ठेवलेल्या. सम्यक बाहेर आला. दिवा गावचा पोरगा, दर्शनबरोबर चार वर्षं एका शेगडीवर उभा राहिलेला. मला बघून त्याचं तोंडच उतरलं.

“आजी, फोन करायचा ना, मी आणून दिलं असतं.”

“कावळा थांबलाय रे बाबा. कर लवकर.”

तो आत गेला आणि फ्रीजरमधून एक पुडी घेऊन आला. बर्फानं पांढरी झालेली.

“हे त्यानं केलेलं आहे,” तो हळूच म्हणाला. “शेवटच्या दिवशी तुडवलेलं, शेवया कापून ठेवलेलं पीठ. मी कुणाला वापरू दिलं नाय.”

मी पुडी हातात घेतली. इतकी गार की बोटं चिकटली. पोरगा राख होऊन गेला आणि त्याच्या पायाखालचं पीठ अजून जसंच्या तसं. सम्यकनं ते उकळलं, सूप वेगळं भरलं. निघताना म्हणाला, “आजी, एक सांगायचं होतं. पुढच्या शुक्रवारी दक्षताचा वाढदिवस ना? त्यानं खिडकीजवळचं टेबल बुक करून ठेवलंय. दुपारी दीडचं. तिला बसवून स्वतः वाढणार होता. काय करू, काढून टाकू?”

मी डबा उचलून निघाले. पण डोक्यात ते बसलं. म्हटलं, हेच. ह्यातच अडकलाय माझा पोरगा.

खाडीवर आले तेव्हा उन्हानं चिखल पांढरा पडला होता. माणसं कंटाळलेली. त्या काठावर आमचं एकच पान नव्हतं, आजूबाजूला जुनी सुकलेली पानं, फुटकी मडकी, कुणाकुणाच्या दहाव्यांची. मी डबा उघडला आणि उदोन वाढलं. वाफ निघाली. खांबावरचा कावळा तसाच.

आता इथं माझी चूक झाली. आमच्यात पानासमोर काही बोलायचं तर आधी नाव घ्यायचं. मेलेल्याचं नाव, बापाचं नाव, आडनाव. मग बोलायचं. काठ सगळ्यांचा असतो, ऐकणारे पुष्कळ असतात. हे मी स्वतः चार जणींना शिकवलेलं. पण त्या वेळी माझा जीव थाऱ्यावर नव्हता. मी पानासमोर बसले, पदर पसरला आणि बोलून गेले.

“ये रे बाबा. तुझं जे राहिलंय ते तू येऊन पुरं कर. दक्षताला जेवायला बसवायचं होतंस ना, बसव. तुझ्याबरोबर बसू दे तिला. मी आड येणार नाही.”

शब्द संपतो न संपतो तोच कावळा आला. खांबावरचा नाही. तो तिथंच होता. हा दुसराच, मागून, तिवरांच्या झाडीतून आला. भिजलेला होता. तीन दिवसांत पाऊस नव्हता, आणि त्याच्या पंखांतून पाणी गळत होतं. त्यानं भाताला, बोंबलाला चोच लावली नाही. शेवया तेवढ्या एक एक करून ओढल्या आणि गेला.

लोकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. भिवाजी मात्र माझ्याजवळ आला.

“वयनी, नाव घेतलंस का?”

“नाव कशाला? माझा नातू. दुसरा कोण येणार?”

तो झाडीकडं बघत राहिला.

पुढचा शुक्रवार आला. तेरावा होऊन गेलेला. दक्षता सकाळीच नवा ड्रेस घालून तयार.

“हॉटेलातून फोन आलेला, आजी. टेबल आहे म्हणून. दादाने बुक केलेलं, मी जाणार.”

“अगं, सम्यकला विचारू आधी…”

“काय विचारायचं? दादाची शेवटची पार्टी आहे. तू येतेस का मी एकटी जाऊ?”

तिला एकटीला सोडणार कशी? गेले बरोबर. टळटळीत दुपार. काचेतून ऊन टेबलावर पडलेलं, बाहेर गाड्यांची रांग. अशा जागी माणसाला भीती वाटत नाही. वाढायला माया नावाची बाई होती, हसतमुख. दक्षतानं दोन उदोन सांगितली. मायानं तीन वाटगे आणले. एक माझ्यापुढं, एक दक्षतापुढं, एक तिच्या समोरच्या रिकाम्या खुर्चीपुढं.

“हे कुणाचं, बाय?”

“तुमच्याबरोबरचे आहेत ना, त्यांचं. हात धुवायला गेले वाटतं.” असं म्हणून ती गेली पण.

मी दक्षताकडं बघितलं. ती हसत होती. खुर्चीकडं बघून.

“दक्षे, चल उठ.”

“थांब ना आजी. गरम आहे तोवर खाऊया.”

ती खायला लागली. उदोन खाताना जपानी माणसं आवाज करतात, तोंडानं ओढतात, दर्शनही तसंच खायचा. दक्षता ओढत होती, आवाज येत होता. ती थांबली, घास गिळला. आवाज येतच राहिला. समोरून. मला खुर्चीवर कुणी दिसलं नाही, खोटं कशाला सांगू. पण मी मान वळवून परत बघितलं की त्या वाटग्यातलं थोडं कमी झालेलं असायचं. आणि वास. सुपाचा नव्हे. ओहोटीच्या वेळी तिवरांच्या मुळांशी जो काळा चिखल उघडा पडतो, त्याचा. जन्म गेला माझा खाडीवर, तो वास मला कळतो. एसीच्या त्या गार खोलीत तो हळूहळू दाटत चालला.

“आजी…” दक्षता म्हणाली. आवाज झोपेतल्यासारखा. “तो म्हणतो, सूप संपलं की निघायचं.”

“कुठं निघायचं?”

“ते नाय सांगत.”

मी तिचा हात धरला. फ्रीजरमधल्या त्या पुडीसारखा गार. टेबलाखाली काहीतरी हलत होतं म्हणून वाकून बघितलं. तिनं चपला काढल्या होत्या. तिचे दोन्ही पाय, एकानंतर एक, सावकाश, फरशी तुडवत होते. पिशवीवरचं पीठ तुडवतात तसे. फरशी कोरडी होती. पण आवाज ओल्यात पाय रुतल्याचा येत होता.

तिच्या वाटग्यात तळाला दोन घोट राहिले होते. तिनं वाटगा तोंडाशी नेला.

तेव्हा मला भिवाजीचा प्रश्न आठवला.  मी उठून उभी राहिले आणि बाजारात ओरडायचे तसं ओरडले, “दर्शन भालचंद्र कोळी!”

सगळं हॉटेल वळलं. आणि उत्तर आलं.

“ओ, आजी…”

आतून. स्वयंपाकघराच्या पडद्यामागून. माझ्या पोराचा आवाज, जसा सकाळी उठवल्यावर यायचा तसा. मी ऐकलं. पडदा सारून सम्यक बाहेर आला, त्याचे ओठ पांढरे. त्यानंही ऐकलं होतं.

आणि समोरच्या खुर्चीवरचं ओढून खाणं थांबलं नव्हतं.

मग मी थांबले नाही. दक्षताच्या हातातला वाटगा हिसकला आणि टेबलावर पालथा घातला. ती अशी किंचाळली की मायाच्या हातातला ट्रे पडला. समोरच्या वाटग्यातून एक शेवई अर्धी वर हवेत लोंबत होती. ती वर ओढली गेली, दिसेनाशी झाली… आणि खुर्ची मागं सरकली.

सम्यकनं आणि मी तिला धरून बाहेर उन्हात आणलं. ती पायरीवर बसली. मग मला म्हणाली, “आजी, दादा आत होता गं. तो आतून सांगत होता, खाऊ नको, खाऊ नको. पण माझ्यासमोर बसलेला त्याच्यापेक्षा जवळ होता.”

“कोण होता?”

“मला वाटलं, तुला माहीत असेल. तो म्हणाला, तुझ्या आजीनं बोलावलं.”

महिना भरला तेव्हा मी परत पान वाढलं. ह्या वेळी पाण्यात पाय रोवून उभी राहिले, तीन वेळा नाव घेतलं, बापाचं नाव, आडनाव. खांबावरचा तोच कावळा खाली आला, पानाला शिवला आणि समुद्राच्या दिशेनं उडून गेला. भिवाजी म्हणाला, “सुटला पोरगा.” मला रडू आलं. दर्शन मार्गाला लागला, दक्षता माझ्याजवळ राहिली. म्हातारीला आणखी काय पाहिजे?

त्या दुसऱ्याला मात्र परत कसं पाठवायचं, हे कुणालाच सांगता येईना. भिवाजीनं दोन जाणत्यांना विचारलं. ते म्हणाले, नाव सांगा, त्याच्या नावानं पान ठेवू. नाव आणायचं कुठून?

दक्षता कामावर जाते, हसते, बोलते, मला चिडवते. मी तिच्यावर डोळा ठेवून असते. परवा रविवारी दुपारी मी बाहेर ओट्यावर मासळी, वाकट्या, सुकत घालत होते. ती आत गॅसजवळ होती. सुपाला उकळी आल्याचा आवाज आला. मग तिनं वाटगे मांडले. एक, दोन, तीन. मी मोजले. आणि तिनं हाक मारली, अगदी सहज, घरातल्या माणसाला मारतात तशी. “ये रे, गरम आहे तोवर.” त्याच्या आधी एक नाव घेतलं. ते नाव आमच्या कुळात कुणाचं नाही, कोळीवाड्यातही नाही. मी ते इथं सांगणार नाही.

माझ्या हातातली वाकटी तशीच राहिली. म्हटलं, देवा, नाव मिळालं. आता पान ठेवता येईल, आता ह्याला पाठवता येईल.

तेवढ्यात माजघरातून त्या हाकेला ओ आली. दर्शनच्या आवाजात. मग महिन्याच्या पानावरून सुटून गेला तो कोण, आणि ह्या नावानं पान ठेवून मी पाठवणार तरी कुणाला?