थोरल्याच्या शेंड्यावरची गाठ

थोरल्या झाडाचे शंकू आठ दिवसांच्या आत उतरवायचे होते. नंतर ते उन्हानं उकलले असते, आतलं बी वाऱ्यावर उडून दरीत गेलं असतं आणि मग बसा सात वर्षं वाट बघत! कारण हे झाड सात वर्षांतून एकदाच फळायचं आणि त्या जातीचं एवढं जुनं, एवढं सरळ झाड डोंगरात दुसरं उरलं नव्हतं. बाकीची कधीच करवतीखाली गेली होती. त्यातली निम्मी तर वस्तादनंच पाडली होती, तरुणपणी, ठेकेदाराकडे कामाला असताना. आता रोपवाटिकेला त्याच जातीचं बी हवं होतं आणि ते आणायला निघालाही वस्तादच.

वस्ताद म्हणजे झाडं चढणाऱ्या टोळीचा म्होरक्या, वय अठ्ठावन्न. सोबत दोघं. एक त्याची तिशीतली लेक, बारा वर्षं बापाच्या हाताखाली झाडं चढून तयार झालेली. दुसरा सावकाश. सावकाशचं खरं नाव त्याच्या बायकोलाही जरा आठवून सांगावं लागे. गडी शंभर किलोचा, दोर धरून उभा राहिला की खांब, पण कुठलंही काम सांगा, "करू की, सावकाश," हे उत्तर ठरलेलं.

वस्तादनं या दोघांपासून एक गोष्ट लपवली होती. तीस वर्षं यंत्रकरवतीची थरथर सोसून त्याच्या उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारची दोन बोटं बधिर झाली होती. आधी नुसती थंडीत पांढरी पडायची, आताशा गरम कपाचा चटकाही कळत नसे. डॉक्टरनं करवत आणि चढणं, दोन्ही बंद करायला सांगितलं होतं. वस्तादनं तो कागद घडी घालून पत्र्याच्या पेटीत तळाशी सरकवला आणि शर्टाची बटणं डाव्या हातानं लावायला शिकला.

निघताना बायको दारात म्हणाली होती, "या वेळी लेकीला वर जाऊ द्या. तुम्ही खाली थांबा."

"खाली थांबायला मी काय गाठोडं आहे?" वस्ताद म्हणाला. मनात मात्र त्याचा हिशेब पक्का होता. पुढच्या खेपेला आपण पासष्टचे. थोरल्यावर चढायची ही शेवटची संधी, आणि ती काही तो सोडणार नव्हता.

पहिल्या दिवशी दरड कोसळून वाट गायब झालेली निघाली. घसरत्या मुरमावरून, एकमेकांचे पट्टे धरून, त्यांनी पाऊण दिवसात जेमतेम हाकेच्या अंतराएवढी मजल मारली. दुसऱ्या दिवशी ओढा लागला. वर आडवा पडलेला ओंडका हाच पूल, आणि आधाराला सावकाशनं पलीकडून ताणून धरलेला दोर. वस्ताद मधोमध पोचला आणि त्याच्या उजव्या हातातून दोर निसटला! तो गुडघ्यांवर आपटला, कमरेपर्यंत पाण्यात लोंबला, आणि कसाबसा ओंडका काखेत धरून पलीकडे सरपटला.

"पाय घसरला," त्यानं कुणी विचारायच्या आत सांगितलं.

लेकीनं त्याच्या पायांकडे पाहिलं, मग हाताकडे पाहिलं. पाय घसरला नव्हता हे वस्तादला चांगलं ठाऊक होतं. आपण दोर घट्ट धरलाय अशी त्याची खात्री होती आणि तरी हात रिकामा होता. पाण्यापेक्षा त्याला त्या रिकाम्या हाताचीच जास्त भीती वाटली. त्या रात्री तंबूत त्याचा डोळ्याला डोळा लागला नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी धुकं फाटलं आणि थोरला दिसला. बारा मजली इमारतीएवढा उंच, खोडाला तिघांची कव पुरणार नाही असा, आणि पार शेंड्याकडे तपकिरी शंकूंचे घोस. वारा होता. फार नव्हता, पण होता.

"मी जाते वर," लेक म्हणाली.

"पहिला मान वस्तादाचा. हे कधीपासून बदललं?"

लेकीनं पट्टा त्याच्या हाती दिला. या टोळीची रीतच तशी होती. वस्तादनं पट्ट्याच्या आधारानं आधी चढायचं, शेंड्याला मोठा दोर बांधायचा, मग दुसऱ्यानं त्या दोरावरून वर यायचं. वस्तादची गाठ दुसरं कुणी तपासत नसे. आणि गाठ तपासायची ती डोळ्यांनी नाही, अंगठ्यानं. झाडावर डोळे सतत वर हवेत, कारण वाळकी फांदी सांगून पडत नाही. म्हणून नजर वर ठेवायची आणि अंगठा गाठीवरून तीनदा फिरवायचा. कुठे खटकलं तर सोडून पुन्हा बांधायची. हे वस्तादनंच सगळ्यांना शिकवलं होतं. लेकीला तर लहानपणी शिट्टी वाजवायला शिकवावं तसं शिकवलं होतं.

तो चढू लागला. कमरेचा पट्टा खोडाभोवती टाकायचा, वर झटकायचा, पाय रोवायचे, पुन्हा झटकायचा. पूर्वी पहिल्या फांदीपर्यंत तो एका दमात जाई. आज तीनदा थांबला.

"काय झालं?" खालून लेकीनं विचारलं.

"साल बघतोय."

"बघा की, सावकाश," सावकाश म्हणाला.

फांद्या लागल्या तसं काम सोपं व्हायला हवं होतं, पण झालं नाही. मांड्या लटपटत होत्या. छाती भात्यासारखी वरखाली होत होती. झाड हलत होतं, आणि हलणाऱ्या झाडाची चाळीस वर्षांत कधी वाटली नव्हती ती भीती आज वाटत होती. शेंड्याजवळ पोचून त्यानं पट्टा अडकवला. मोठा दोर खोडाभोवती वळवला, गाठ मारली, टोक फांदीच्या बेचक्यातून खाली सोडलं. वर एक वाळकी फांदी करकरत होती. तिच्यावर नजर ठेवून त्यानं गाठीवर अंगठा फिरवला. एकदा, दोनदा, तीनदा. काही खटकलं नाही.

खटकलं नाही म्हणजे गाठ बरोबर, ही आयुष्यभराची सवय. बधिर अंगठ्याला खटकणार तरी काय, हा विचार त्याला शिवला नाही. तो फार दमला होता.

"ये," त्यानं हाक दिली.

लेकीनं खालून दोराला लोंबकळून पाहिलं. दोर टिकला. दोराला चावून बसणाऱ्या कड्या एकेक वर सरकवत ती झपाझप येऊ लागली. फांदीच्या बेचक्यातून सोडल्यानं दोर झाडापासून हातभर लांब, मोकळ्या हवेत लोंबत होता. वस्तादनं पोतं उलगडलं, ते कुठे अडकवावं म्हणून खोडाकडे वळला आणि त्याची नजर गाठीवर पडली.

गाठीबाहेर दोराचं शेपूट वीतभर तरी उरायला हवं. ते चार बोटं होतं. लेकीनं खाली कडी सरकवली, दोराला हिसका बसला, आणि त्याच्या डोळ्यांदेखत तीन बोटं झालं!

शेवटचा वेढा आतून ओवायचाच राहिला होता.

त्यानं पोतं फांदीवर टाकलं. आणि एक क्षण, ज्या क्षणाची लाज त्याला पुढे जन्मभर वाटली, त्याच्या मनात आलं की गुपचूप नीट करून टाकावं, कुणाला कळायचं नाही. त्यानं उजव्या हाताची बोटं शेपटावर आवळली. बोटं आवळली गेली की नाही तेही कळेना. शेपूट त्यांच्यातून सरकलं. दोन बोटं!

"थांब!" तो ओरडला. "हलू नकोस! गाठ सुटतेय!"

लेक जागच्या जागी गोठली. तिच्याखाली नऊ मजल्यांएवढी नुसती हवा होती.

"किती वेळ आहे?" तिनं विचारलं. आवाज बारीक झाला होता.

वस्तादनं झरझर हिशेब मांडला. बोटांत जोर नाही. डाव्या एकट्या हातानं ओझं पेलणार नाही. पण दोराचा वेढा खोडाभोवती होता, निम्म्याहून जास्त भार खोडच घेत होतं. उरलेला धरायला बोटंच कशाला हवीत? त्यानं गाठीवर छाती टेकली, दोन्ही हातांनी खोडाला मिठी मारली आणि स्वतःचं सगळं वजन शेपटावर दाबलं. साल शर्टातून आत घुसली.

"झोका घे! खोड धर!"

लेकीनं पाय झाडले. दोर झुलला. छातीखाली शेपूट वळवळलं आणि कातडी सोलत केसभर सरकलं. तिचे हात सालीला घासून परतले. हुकलं!

"पुन्हा! जोरात!"

वस्तादनं डोळे मिटले. इतक्या वर्षांत त्यानं झाडावर डोळे कधी मिटले नव्हते. दोर पुन्हा झुलला. हिसका बसला. आणि मग, एकदम, दोर सैल पडला.

सैल पडलेल्या दोराचे दोनच अर्थ होतात. वस्तादला खाली बघायचं धाडस होईना.

"धरलं," खालून आवाज आला. मग पुष्कळ वेळानं, "पट्टा लावला. सोडा आता."

त्याला सोडता आलं नाही. त्याचे हात खोडाला चिकटल्यासारखे झाले होते. लेक खोडावरून पट्टा सरकवत वर आली, तेव्हाही तो तसाच होता. तिनं त्याला हळूच बाजूला केलं, गाठ पाहिली, सोडली आणि नव्यानं बांधली. मग त्याचा उजवा अंगठा हातात घेऊन नखानं जोरात दाबला. वस्तादनं पापणीही हलवली नाही.

"किती दिवस झाले?"

"दीड वर्ष."

"आईला माहीत आहे?"

"नसावं."

"असणारच," लेक म्हणाली. ती ओरडली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

शंकू समोरच होते. फांदीच्या टोकाला, तीन-चार हातांवर, एका पोत्यात मावतील एवढे. वारा वाढू लागला होता.

"दोर नव्यानं लावून सावकाशच्या हाती देईपर्यंत वारा वाढेल. तुम्ही माझा दोर धरलात तर मी फांदीवर जाऊन येते," ती म्हणाली. "दहा मिनिटांचं काम आहे. धराल का?"

वस्तादनं शंकूंकडे पाहिलं. त्यांच्यासाठी ते तिघं दोन दिवस चालले होते. तिच्याकडे पाहिलं. गालावर सालीचे ओरखडे होते. हो म्हणणं किती सोपं होतं! ती गेलीही असती.

"नाही," तो म्हणाला. "मला धरता येणार नाही."

हे वाक्य त्यानं आयुष्यात पहिल्यांदा उच्चारलं. ते रिकामं पोतं घेऊन उतरले. जमिनीला पाय लागताच वस्ताद मटकन खाली बसला आणि सावकाशला स्वतःच म्हणाला, "आज मी हिला मारणार होतो." मग बोटांपासून ओढ्यापर्यंत सगळं सांगितलं. सावकाशनं नेहमीचा शब्द काढला नाही. आपली घोंगडी काढून वस्तादच्या खांद्यांवर घातली.

दुसऱ्या दिवशी सकाळी वारा पडला. या खेपेला लेक आधी चढली, तिनंच दोर बांधला आणि खाली सावकाशनं तो धरला. वस्तादला काहीच काम नव्हतं. तो मान वर करून उभा राहिला. ती फांदीवर सरकली. फांदी वाकली. कुठेतरी काहीतरी कडकन मोडलं आणि तो दोन पावलं पुढे धावला. मोडली होती ती नुसती वाळकी काटकी. वर असताना हातांना काही करता तरी येतं, धरता येतं, बांधता येतं. इथे नुसतं बघायचं! पाऊण तासात त्यानं देवाला एवढी वचनं दिली की पाळायला दुसरा जन्म लागला असता.

लेक भरलं पोतं घेऊन उतरली. बाप घामानं निथळत होता.

"चढले मी आणि दमलात तुम्ही?"

"तुझी आई पस्तीस वर्षं घरी कशी बसली असेल गं?" वस्तादनं विचारलं.

"हे तिलाच विचारा," लेक म्हणाली. तिनं पोतं सावकाशच्या पाठीवर चढवलं.

"विचारतो," वस्ताद म्हणाला आणि दोघांना पुढे घालून, त्यांच्या मागून, डोंगर उतरू लागला.